काढायचं किती? ठेवायचं किती?

मेकॅनिकलच्या पोराने यकृतावर लेख लिहायचा म्हटल्यावर आमच्या संपादक मंडळाने आधी मनसोक्त हसून घेतलं. "अरे, टर्बाइनवर लिही, बॉयलरवर लिही, हे काय मधेच?" पण सव्वा वर्षापूर्वी माझ्या मामेबहिणीचं, म्हणजे ताईचं, यकृताच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. त्या काळात मी मामाबरोबर हॉस्पिटलच्या इतक्या चकरा मारल्या, की सहाव्या सेमिस्टरच्या विषयांपेक्षा यकृतच माझं जास्त वाचून झालं. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. हे ऑपरेशन ज्या पद्धतीने ठरवतात, ती पद्धत आपल्याला मशीन डिझाइनच्या तासाला शिकवतात त्यापेक्षा फार वेगळी नाही. म्हणून हा लेख.

ताई तेव्हा तेवीस वर्षांची, एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. जेवल्यावर पोट जड वाटायचं, उजव्या बरगडीखाली मंद दुखायचं, वजन थोडं कमी झालेलं. पाच महिने ॲसिडिटीच्या गोळ्या चालल्या. तिच्या वयाकडे बघून कोणाच्या डोक्यात दुसरं काही येण्याचं कारणही नव्हतं. शेवटी मामी हट्टाला पेटली आणि सोनोग्राफी झाली. यकृतात अकरा सेंटिमीटरची गाठ! दारूचा प्रश्नच नाही. हिपॅटायटिस बी नाही, सी नाही, कधी कावीळसुद्धा नाही. यकृताच्या कॅन्सरमध्ये वाढते म्हणून जी एएफपी नावाची रक्ततपासणी करतात, ती अगदी नॉर्मल. मग सीटी, एमआरआय, बायोप्सी, आणि रिपोर्टवर एक नाव आलं, जे मामाला धड वाचताही येईना : फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा.

सर्जनसमोर बसल्यावर मामाने पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टर, किती काढावं लागेल?"

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला, यकृताचं चित्र काढलं आणि म्हणाले, "ते मी सांगेनच. पण आमचं गणित दुसऱ्या टोकाकडून सुरू होतं. मागे किती उरेल आणि जे उरेल ते चालेल का, हे आधी बघायचं."

हा लेख म्हणजे त्या एका वाक्याचा अर्थ समजून घ्यायची माझी धडपड आहे.

हा आजार आहे तरी काय?

आपल्याला यकृताचा जो कॅन्सर ऐकून माहीत असतो, तो बहुधा आधीच खराब झालेल्या यकृतात होतो. दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, यकृतात साठलेली चरबी, यांमुळे वर्षानुवर्षं यकृत कडक होत जातं, त्याला सिऱ्हॉसिस म्हणतात, आणि त्यातून कॅन्सर उगवतो. फायब्रोलॅमेलर मात्र चांगल्या, निरोगी यकृतात येतो आणि तो येतो मुख्यतः दहा ते पस्तीस या वयात. म्हणजे आपल्याच वयात! यकृतात सुरू होणाऱ्या सगळ्या कॅन्सरमध्ये याचा वाटा जेमतेम एक टक्क्याच्या आसपास.

१९५६ साली ह्यू एडमंडसन या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने त्याचं पहिलं वर्णन केलं, ते एका चौदा वर्षांच्या मुलीच्या गाठीवरून. नाव कठीण वाटलं तरी अर्थ सोपा आहे. मायक्रोस्कोपखाली मोठमोठ्या पेशी दिसतात आणि त्यांच्यामधून तंतूंचे पट्टे एकमेकांना समांतर, थरांसारखे गेलेले असतात. तंतू म्हणजे फायबर, थर म्हणजे लॅमेला. फ्लुइडमध्ये आपण लॅमिनार फ्लो शिकलो ना, त्याच घराण्यातला शब्द.

एमआरआयमध्ये या गाठीच्या मधोमध बऱ्याचदा एक ताऱ्यासारखा व्रण दिसतो. घोळ असा, की बहुधा तरुण स्त्रियांमध्ये आढळणारी एक अगदी निरुपद्रवी गाठ असते, फोकल नोड्युलर हायपरप्लेशिया नावाची, आणि तिच्यातही असाच व्रण असतो. एमआरआयच्या टी-टू प्रकारच्या चित्रात निरुपद्रवी गाठीचा व्रण सहसा चमकतो, फायब्रोलॅमेलरचा सहसा काळा राहतो. एक गाठ नुसती लक्ष ठेवून सोडून द्यायची, दुसरीसाठी अर्ध्याहून जास्त यकृत काढायचं. फरक एवढा मोठा आणि खूण एवढी बारीक. म्हणून ताईची बायोप्सी झाली.

हा कॅन्सर का होतो, याचं पहिलं ठोस उत्तर २०१४ साली मिळालं. त्याची हकिकत आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी वाचण्यासारखी आहे. न्यूयॉर्कच्या इलाना सायमन या मुलीला बाराव्या वर्षी हाच आजार झाला आणि ऑपरेशनने ती वाचली. शाळेत असतानाच तिने ठरवलं, की आपल्या आजाराचं मूळ शोधायचं. वडील सॅनफर्ड सायमन रॉकफेलर विद्यापीठात संशोधक, तर ज्यांनी तिचं ऑपरेशन केलं ते मायकेल लाकाग्लिया स्लोन केटरिंग हॉस्पिटलमध्ये सर्जन. रुग्णांच्या गाठींचे नमुने जमवले आणि त्यांतली जनुकं वाचली. तपासलेल्या पंधराच्या पंधरा रुग्णांमध्ये एकच बिघाड निघाला. एकोणिसाव्या गुणसूत्रातला सुमारे चार लाख अक्षरांचा तुकडा गायब, आणि त्यामुळे एरवी लांब असलेली दोन जनुकं एकमेकांना चिकटलेली. त्यांतलं एक पेशीतल्या अनेक कामांच्या चालू-बंदच्या बटणासारखं काम करतं. जोड झाल्यामुळे ते बटण जास्त प्रमाणात तयार होतं आणि पेशीला लगाम राहत नाही. 'सायन्स' या नियतकालिकात हा शोधनिबंध आला, तेव्हा लेखकांच्या यादीत इलानाचं नाव होतं. पुढे ती कॉम्प्युटर सायन्स शिकली.

मग औषध का नाही?

मी हाच प्रश्न विचारला होता. बिघाड सापडला, तर औषधही असेलच ना? पण बिघाड सापडणं आणि दुरुस्ती सापडणं यांत अंतर असतं. ते बटण शरीरातल्या इतर चांगल्या पेशींनाही लागतं, त्यामुळे ते सरसकट बंद करता येत नाही. त्या जोडप्रथिनाविरुद्ध लस देऊन बघण्याच्या चाचण्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये झाल्या आहेत आणि त्यातून थोडी आशा दिसते. पण खात्रीने लागू पडेल अशी केमोथेरपी या आजाराला नाही. गाठ पूर्णपणे काढणं हाच मुख्य उपचार आहे.

इथे या आजाराची एक चांगली आणि एक वाईट बाजू आहे. चांगली बाजू म्हणजे गाठ सोडून बाकीचं यकृत निरोगी असतं, त्यामुळे सर्जनला मोठा भाग काढायची मुभा मिळते. सिऱ्हॉसिसच्या रुग्णात तेवढं धाडस करता येत नाही. वाईट बाजू म्हणजे दुखणं उशिरा कळतं, गाठ तोवर मोठी झालेली असते, आणि हा कॅन्सर यकृताच्या देठाजवळच्या लसिका ग्रंथींमध्ये पसरायला बघतो. म्हणून ऑपरेशनमध्ये त्या ग्रंथीही काढतात.

यकृताचं पाइपिंग

आता थोडं आपल्या भाषेत. मोठ्या माणसाचं यकृत साधारण सव्वा ते दीड किलोचं. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ चौथा हिस्सा यातून जातो, म्हणजे मिनिटाला सव्वा ते दीड लिटर. आत येणाऱ्या लाइन दोन आहेत. एक पोर्टल व्हेन, जी आतड्यांकडून अन्नरस घेऊन येते. ती सुमारे पाऊण हिस्सा रक्त आणते, पण दाब अगदी कमी, पाच ते दहा मिलिमीटर पाऱ्याचा. दुसरी हेपॅटिक आर्टरी. ती रक्त पाव हिस्साच आणते, पण यकृताला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळपास निम्मा तिच्यातून येतो. बाहेर जाणाऱ्या लाइन म्हणजे तीन हेपॅटिक व्हेन, उजवी, मधली आणि डावी. त्या शरीरातल्या सगळ्यात मोठ्या शिरेत, व्हेना कॅव्हात, रिकाम्या होतात. आणि एक ड्रेनेज लाइन, पित्तनलिका.

बाहेरून बघितलं तर यकृताचे दोन भाग दिसतात, उजवा मोठा आणि डावा लहान, मध्ये एक पडदा. शेकडो वर्षं लोकांना वाटायचं की विभागणी तीच. १८९७ साली जेम्स कँटली या डॉक्टरने दाखवलं, की खरी सीमा त्या पडद्यावर नाहीच. पित्ताशयापासून मागे व्हेना कॅव्हापर्यंत एक रेषा कल्पनेने काढली, तर तिच्या दोन्ही बाजूंचा रक्तपुरवठा वेगवेगळा आहे. १९३०च्या दशकात हनोईमध्ये तोन थात तुंग या व्हिएतनामी सर्जनने दोनशेच्या वर यकृतांचं विच्छेदन करून आतल्या शिरांचा माग काढला. पुढे फ्रान्सच्या क्लोद क्विनो यांनी शिरांमध्ये घट्ट होणारं द्रव्य ओतलं आणि भोवतीचं मांस विरघळवून नुसत्या पाइपांचे साचे बनवले. हे वाचताना मला आमच्या कास्टिंगच्या प्रॅक्टिकलची आठवण झाली! १९५७ साली त्यांनी आपल्या ग्रंथात यकृताचे आठ सेगमेंट मांडले. प्रत्येक सेगमेंटला स्वतःची आर्टरीची फांदी, पोर्टलची फांदी आणि पित्ताची नळी. बाहेर जाणाऱ्या हेपॅटिक व्हेन मात्र दोन भागांच्या मधल्या सीमेवरून धावतात.

याचा उपयोग असा. सोसायटीच्या प्रत्येक मजल्याला स्वतंत्र व्हॉल्व्ह असेल, तर तिसऱ्या मजल्याचं पाणी बंद करून काम करता येतं, बाकीच्यांच्या आंघोळी थांबत नाहीत. आठ सेगमेंटच्या या नकाशामुळे सर्जनला ठरवता येतं, की अमुक सेगमेंट काढले तर उरलेल्यांचं पाणी, ऑक्सिजन आणि ड्रेनेज चालू राहील.

ताईची गाठ उजव्या भागात होती आणि मधल्या चौथ्या सेगमेंटमध्ये शिरलेली होती. म्हणजे उजवा पूर्ण भाग आणि चौथा सेगमेंट जाणार. उरणार दुसरा, तिसरा आणि मागच्या बाजूचा छोटा पहिला.

गणित

निरोगी यकृत असेल तर निदान वीस ते पंचवीस टक्के काम करणारा भाग मागे राहायला हवा. खूप केमोथेरपी झालेली असेल तर तीस टक्के, सिऱ्हॉसिस असेल तर चाळीस. यकृत जितकं दमलेलं, तितकं जास्त ठेवायचं. हा सरळसरळ फॅक्टर ऑफ सेफ्टीच आहे. मटेरियलवर भरवसा कमी असेल तर आपणही जाडी वाढवतोच की!

आता टक्के कशाचे काढायचे? मी घरी बसून ताईच्या सीटीच्या आकड्यांवरून हिशेब केला आणि पहिल्या फटक्यात चुकलो. सीटीत पातळ पातळ कापांमधलं क्षेत्रफळ मोजून, जाडीने गुणून, बेरीज करतात. आपलं न्यूमरिकल इंटिग्रेशन. त्यातून आलेलं एकूण आकारमान १८५० मिलिलिटर. उरणाऱ्या भागाचं २१५. मी भागाकार केला : ११.६ टक्के. माझे हातपाय गार पडले. रात्रभर झोप नाही.

चूक कुठे होती? १८५० मध्ये गाठही मोजलेली होती. गाठ काही यकृताचं काम करत नाही. अकरा सेंटिमीटर व्यासाचा गोल धरला, तर तिचं आकारमान सुमारे ७०० मिलिलिटर. ते वजा केलं की ११५० उरतात, आणि २१५ भागिले ११५० म्हणजे जवळपास १९ टक्के. याचा पडताळा बघायलाही एक सूत्र आहे. १९९५ साली जपानमध्ये उराता आणि सहकाऱ्यांनी ते दिलं : शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्या, ७०६.२ ने गुणा, त्यात २.४ मिळवा, की माणसाला साधारण किती मिलिलिटर यकृत असायला हवं ते मिळतं. ताईचं क्षेत्रफळ १.६. उत्तर ११३२. म्हणजे माझ्या ११५०च्या अगदी जवळ. आणि २१५चे ११३२वर बरोबर १९ टक्के.

अकरापेक्षा एकोणीस बरे, पण सीमेच्या अलीकडचेच. इतकं कमी ठेवलं तर काय होतं? आतड्यांकडून येणारं रक्त काही कमी होत नाही. जो प्रवाह आधी पूर्ण यकृतात वाटला जात होता, तो सगळा एका लहान भागातून जायला बघतो. दाब वाढतो, पेशींना मार बसतो आणि उरलेलं यकृत हळूहळू हात टेकतं. कावीळ वाढते, रक्त गोठत नाही, पोटात पाणी होतं. ऑपरेशन उत्तम झालं, गाठ पूर्ण निघाली, आणि तरीही माणूस जातो. डॉक्टरांनी मामाला हे स्पष्ट सांगितलं. म्हणाले, "आज केलं तर गाठ निघेल. पण मी आज करणार नाही."

यकृत वाढवायचं कसं?

यकृताला पुन्हा वाढता येतं हे आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं. फक्त पालीच्या शेपटीसारखा कापलेला भाग पुन्हा फुटत नाही. उरलेला भाग आहे तिथेच मोठा होतो. मग ऑपरेशननंतर जे होणार, ते ऑपरेशनच्या आधीच करून घेतलं तर? १९८०च्या दशकात जपानमध्ये मसातोशी माकुउची यांनी नेमकं हे केलं. या उपायाला पोर्टल व्हेन एम्बोलायझेशन म्हणतात. पोट उघडायचं नाही. सोनोग्राफी आणि एक्स-रेच्या मदतीने त्वचेतून सुई घालून पोर्टल व्हेनच्या फांदीपर्यंत पोचायचं, आणि जो भाग पुढे काढायचाच आहे, त्याच्याकडे जाणाऱ्या फांद्या गोंदासारखं द्रव्य किंवा बारीक कण सोडून बंद करायच्या. सगळं पोर्टलचं रक्त उरणाऱ्या भागाकडे वळतं. प्रवाह वाढला, आतड्यांकडून आणि स्वादुपिंडाकडून येणारी पोषक द्रव्यं वाढली, की तो भाग वाढायला लागतो. बंद केलेल्या बाजूला आर्टरीचं रक्त मिळत असतं, त्यामुळे ती मरत नाही, नुसती आकसते.

याला चार ते सहा आठवडे लागतात. ऐकायला सोपं वाटतं, पण ते आठवडे घरात काढणं फार कठीण होतं. पोटात कॅन्सर आहे हे माहीत असून काहीच न करता बसायचं! मामी रोज विचारायची, "तोवर गाठ वाढली तर?" हा धोका खरा आहे आणि डॉक्टरांनी तो लपवला नाही. पण या थांबण्याचा एक दुसरा फायदा त्यांनी सांगितला. ही एक परीक्षाही असते. रक्त वळवल्यावर जे यकृत आठवड्याला दोन टक्के किंवा त्याहून जास्त वेगाने वाढतं, ते मोठं ऑपरेशन सोसण्याची शक्यता चांगली. जे वाढतच नाही, ते आतून कमजोर आहे, आणि हे टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

पाच आठवड्यांनी पुन्हा सीटी झाला. मी हॉस्टेलवर होतो. ताईचाच फोन आला. "काय इंजिनिअर, कर भागाकार. तीनशे तीस."

३३० भागिले ११३२. २९ टक्के. पाच आठवड्यांत दहा टक्क्यांची वाढ, म्हणजे आठवड्याला दोन. मी कॅल्क्युलेटरवर तीनदा करून बघितलं.

ऑपरेशन

ऑपरेशन सात तास चाललं. आत काय झालं ते नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं, ते क्रमाने देतो.

पोट उघडल्यावर आधी सगळीकडे हात फिरवून आणि यकृतावरच सोनोग्राफीचा प्रोब ठेवून बघतात, की दुसरी कुठे गाठ नाही ना आणि डाव्या शिरा मोकळ्या आहेत ना. मग यकृताच्या देठाजवळच्या लसिका ग्रंथी काढतात. पित्ताशय काढतात. उजवीकडे जाणारी आर्टरी आणि पोर्टलची फांदी बांधून कापतात, चौथ्या सेगमेंटकडे जाणाऱ्या फांद्या बांधतात. असं केल्यावर यकृताचा रंग बदलतो. रक्त बंद झालेली बाजू काळपट पडते, चालू असलेली लालसर राहते. पुस्तकातली सीमा डोळ्यांसमोर उमटते. त्या रेषेवर कापायचं.

कापताना सगळ्यात मोठा शत्रू रक्तस्राव. इथे दोन युक्त्या आहेत. पहिली १९०८ची, ग्लासगोच्या जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांची. देठावर चिमटा लावून आत येणाऱ्या दोन्ही लाइन थोडा वेळ बंद करायच्या. साधारण पंधरा मिनिटं बंद, पाच मिनिटं चालू. पण यातून इनलेट बंद होतो. आउटलेटचं काय? हेपॅटिक व्हेनना झडपा नसतात, त्यामुळे व्हेना कॅव्हातलं रक्त उलटं येऊ शकतं. मग दुसरी युक्ती भूलतज्ज्ञाच्या हातात. कापणं पूर्ण होईपर्यंत सलाइन मोजूनमापून द्यायचं आणि मोठ्या शिरेतला दाब पाच मिलिमीटर पाऱ्याच्या खाली ठेवायचा. दाबच नसेल तर गळती कशाने होणार? फ्लुइडचा पेपर देताना मला या एका उदाहरणाने जेवढं समजलं, तेवढं गाईड वाचून कधी समजलं नव्हतं.

यकृत सुरीने सरळ कापत नाहीत. तोन थात तुंग यांच्या काळी बोटांच्या चिमटीत चिरडायचे, म्हणजे मऊ मांस फुटून जायचं आणि चिवट नळ्या बोटांत शिल्लक राहायच्या, त्या एकेक बांधायच्या. आजही तत्त्व तेच आहे. फक्त बोटांऐवजी अल्ट्रासॉनिक कंपनं असलेलं उपकरण वापरतात. ते मऊ पेशी फोडतं, पाण्याने धुतं आणि ओढून घेतं, नळ्या उभ्या राहतात. बारीक असेल तर क्लिप, मोठी असेल तर टाका. शेवटी पित्त कुठून गळत नाही ना ते तपासतात. आपण पाइपलाइनची लीकेज टेस्ट करतो, तशीच.

या सगळ्यात सर्जनचं लक्ष जितकं गाठीवर असतं, तितकंच उरणाऱ्या भागाच्या चार नळ्यांवर असतं. डावी आर्टरी, डावी पोर्टल, डावी पित्तनलिका आणि डावी हेपॅटिक व्हेन. त्यांतली एक जरी दुखावली, तरी २९ टक्के हा नुसता कागदावरचा आकडा. आकारमान पुरेसं आहे, पण इनलेट बंद, असं यकृत काय कामाचं?

पाचवा दिवस

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ताईचे डोळे पिवळे दिसायला लागले. मामी रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, "पाचव्या दिवशी बघू." २००५ साली फ्रान्समधून आलेला एक साधा नियम आहे. पाचव्या दिवशी बिलिरुबिन ५० मायक्रोमोलच्या वर असेल, म्हणजे आपल्या रिपोर्टमधल्या भाषेत साधारण ३ मिलिग्रॅमच्या वर, आणि त्याच वेळी रक्त गोठण्याची क्षमता ५० टक्क्यांच्या खाली असेल, तर धोका फार मोठा. ताईचं बिलिरुबिन तिसऱ्या दिवशी ३.४ होतं. पाचव्या दिवशी २.१. गोठण्याची क्षमताही वर सरकत होती. मामाने तो कागद घडी घालून खिशात ठेवला, तो मला वाटतं अजून त्याच्या पाकिटात आहे.

गाठीचा रिपोर्ट दोन आठवड्यांनी आला. कडा स्वच्छ, म्हणजे कापलेल्या रेषेपर्यंत कॅन्सरच्या पेशी नाहीत. पण काढलेल्या नऊ लसिका ग्रंथींपैकी एकीत पेशी सापडल्या.

इथे मला लेख गोड करून संपवता येणार नाही. हा आजार ऑपरेशननंतर अर्ध्याहून अधिक रुग्णांमध्ये पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून ताईचं स्कॅनिंग दर काही महिन्यांनी होतं, आणि प्रत्येक स्कॅनच्या आधीचा आठवडा मामाच्या घरी कोणी मोठ्याने बोलत नाही. पुन्हा आला आणि एका जागी असला, तर पुन्हा ऑपरेशन करतात, आणि ते करता येतं कारण उरलेलं यकृत आता पुरेसं मोठं झालेलं असतं. आजपर्यंतचे सगळे स्कॅन स्वच्छ आहेत. ताईने एम.कॉम. पूर्ण केलं. गेल्या महिन्यात तिने मला विचारलं, "आता किती झालं रे?" रिपोर्टमध्ये ९८० मिलिलिटर होतं.

शेवटी, वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पहिली, आपल्या वयात पोटदुखी म्हणजे मेसचं जेवण, असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण दुखणं महिना-दीड महिना हटत नसेल, वजन उतरत असेल, तर एकदा सोनोग्राफी करून घ्या. नुसती रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नका. ताईची नॉर्मलच होती.

दुसरी, ऑपरेशनच्या आधी रक्तपेढीने चार रक्तदाते आणायला सांगितले होते. मी हॉस्टेलवर नुसतं सांगितलं, तर सकाळच्या गाडीने अकरा जण आले. त्यांतल्या तिघांचं त्या दिवशी टर्मवर्कचं सबमिशन होतं. ताईला दोनच पिशव्या लागल्या, बाकीच्या आणखी कोणाला लागल्या असतील. एनएसएसचं शिबिर पुढच्या महिन्यात आपल्या कॉलेजात आहे. या वेळी नाव नोंदवताना मी रांगेत पहिला असेन.